लेडीसाहेबांची करामात

॥ श्री ॥

करामा, दुबई
४ ऑक्टोबर १९९६

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र कंपनीच्या पोस्ट बॉक्समध्ये आठवडाभर पडून होतं, कारण मी रोज संध्याकाळी मीटिंगमध्ये होतो. कसल्या मीटिंगा, ते सांगतो, पण आधी बसून घे. आपलं इथलं मराठी मंडळ यंदा नाटक करत नाही, सिनेमा करतंय!

नाटकाला इथे हॉल मिळत नाही, हॉल मिळाला तर तारीख मिळत नाही, आणि तारीख मिळाली की नटांच्या ड्यूट्या बदलतात. सिनेमाचं तसं नाही. शुक्रवारी सुट्टीला शूटिंग, मग व्हिडिओ कॅसेट, खलास. लग्नांचं शूटिंग करणारा संग्राम कॅमेरा घेऊन तयार आहे. इथले मोठे कॉन्ट्रॅक्टर विजयकुमार यांनी पैसा, जुमेरातला बंगला आणि पत्नी रंभावहिनी असं तिन्ही दिलं आहे. वहिनी हिरॉइन. त्यांचं एकच म्हणणं, की जुन्या इंग्रजी पद्धतीचं हवं. व्हिक्टोरिया राणीचा काळ, उंच टोप्या, झगे, बटलर.

मला तत्काळ तू आठवलीस. कोल्हापूरला कॉलेजच्या गॅदरिंगसाठी तू तसल्याच एका इंग्रजी सुखांतिकेचं मराठी केलं होतंस ना? मी तेव्हा इथे होतो, त्यामुळे पाहायचं राहिलं, पण तुझ्या पत्रांवरून एवढं लक्षात आहे, की सर हंफ्री नावाचा बडा साहेब बारा वर्षं हिंदुस्थानात कर्तबगारी गाजवून घरी परततो. म्हणजे नायकप्रधान आहे. दिग्दर्शन माझ्याकडे आहे. सर हंफ्रीसाठी योग्य माणूस आम्ही खूप शोधला. शेवटी सगळ्यांचा आग्रह पडला आणि माझा नाइलाज झाला. अनुराधा कपडेपट आणि चहापाणी बघेल. नाटकातलं तिला फार कळत नाही, पण उरक आहे.

आणखी एक. संजनाची दहावी मार्चमध्ये संपते. एप्रिलमध्ये तिला आणि अनुराधाला सावंतवाडीला परत पाठवायचं मी फायनल केलं आहे. तू निवृत्त होऊन घरी आलीच आहेस, तुलाही सोबत होईल. मी पुन्हा चार जणांत खोली घेऊन राहीन. पूर्वी नऊ वर्षं राहिलोय, सवय आहे. अनुराधाला अजून सांगितलं नाही, बघून सांगेन. तशीही ती हल्ली बोललेलं अर्धं ऐकत नाही. परवा शारजापासून करामापर्यंत गाडीत तिला अख्ख्या सिनेमाचं प्लॅनिंग समजावलं, तर शेवटी म्हणते, कोथिंबीर घ्यायची राहिली.

हस्तलिखित लगेच पाठव. इथल्यासारखं यल्ला, चल आटप, म्हणणार होतो, पण थोरल्या बहिणीला कसं म्हणणार?

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
चंद्रहास


॥ श्री ॥

सावंतवाडी
२१ ऑक्टोबर १९९६

चि. चंद्रहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

नाटक सोबत पाठवते आहे. टाइप केलेली एवढी एकच प्रत उरली आहे, तिच्यावर चहाचे कप ठेवू नयेत.

नाटक न वाचता तू भूमिका घेतलीस, याचं मला कौतुक वाटलं. माझे विद्यार्थीही पुस्तक न वाचता परीक्षेला बसत, पण ते निदान घाबरलेले असत. तेव्हा गोष्ट मीच सांगते. सर हंफ्री बारा वर्षं हिंदुस्थानात असतो आणि घरी पत्रं लिहितो, की मी इथे फार मोठा माणूस आहे. इकडे त्याची बायको, लेडी मार्जरी, शेतीवाडी, सासरा, कोर्टकचेरी सगळं एकटीनं सांभाळते. बारा वर्षांनी साहेब दारात येतो. ती त्याला पायापासून डोक्यापर्यंत बघते आणि विचारते, साहेब, आपण कोण? माझा नवरा तर पत्रात सहा फूट उंच आहे. मग ती त्याला घरातले तीन प्रश्न विचारते आणि तो तिन्ही उत्तरं मोठ्या रुबाबात चुकीची देतो. शेवटी ती त्याला हाकलत नाही, महिनाभराच्या बोलीवर पाहुणा म्हणून ठेवून घेते. पडदा.

नायकप्रधान आहेच, म्हणजे नायकाची फजिती प्रधान आहे. लिहिणारा इंग्रज शंभर वर्षांपूर्वी गेला, तो तक्रार करणार नाही. मी करीन. शेवट बदलायचा नाही आणि बाईचे प्रश्न कापायचे नाहीत.

एप्रिलचं तू 'फायनल' केलंस हे वाचलं. ज्या दोघी येणार, त्यांच्या आधी ते मला समजावं, हे मला ठीक वाटलं नाही. मी अनुराधाला यातलं काही लिहिणार नाही. ते तुझं काम आहे, आणि आज करण्यासारखं आहे.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी पस्तिशीचा साहेब होतो आहेस, तेव्हा पोट आत घेऊन चाल. इतरांना खुशाली सांग.

तुझी, रागावली तरी तुझीच,
ताई


॥ श्री ॥

करामा, दुबई
२२ नोव्हेंबर १९९६

ती. वन्संना,
अनुराधाचा शि. सा. नमस्कार.

तुमच्या लेडी मार्जरीनं माझं घर डोक्यावर घेतलं आहे. पलंगावर झगे, स्वयंपाकघरात टोप्या. व्हिक्टोरिया राणीचं कापड इथे कुठलं मिळायला? विजयकुमारांच्या एका हॉटेलच्या कामात जुने मखमली पडदे उतरवले होते, त्यांचेच झगे केले. आमच्या बिल्डिंगीखाली हाफिजाचं लेडीज टेलरिंग आहे. हाफिजा हैदराबादची, जिभेनं कडक, पण हात सोन्याचा. मी बेतायचं आणि तिनं शिवायचं, असं महिनाभर चाललंय. परवा मला म्हणाली, की तुझ्यासारखी बेतणारी मिळाली तर मी दुकानाची दुसरी बाजूही भाड्यानं घेईन. मी हसून सोडून दिलं.

आता गंमत ऐका. रंभावहिनींनी झगा एकदा अंगात घालून पाहिला, आरशात बघितलं, आणि त्यांना त्याच मिनिटाला आठवलं, की पुण्याला भाचीचं लग्न आहे. गेल्या! मडगाववाल्या कावेरीबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, नवऱ्याला न ओळखणारी बाई मी करणार नाही, आमच्यात चालत नाही. ह्यांनी कपाळाला हात लावला. तेवढ्यात संग्राम म्हणाला, की वहिनींना सगळ्या नाटकाची वाक्यं पाठ आहेत, इतके दिवस मागून त्याच तर सांगतायत. सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. हे म्हणाले, की अगदीच कुणी नसेल तर बघू.

तर वन्सं, लेडी मार्जरी मी आहे. अगदीच कुणी नव्हतं म्हणून. संजनाला सांगितलं तर तिनं पुस्तकातून मान वर न करता 'मॉम, प्लीज, नो,' एवढंच म्हटलं.

बटलरचं काम महादू करतोय. तो विजयकुमारांच्या कंपनीत सुतार आहे, आपल्या वेंगुर्ल्याकडचा, सोनापूरच्या कामगार कॅम्पात राहतो. चार वर्षं घरी गेला नाही. ट्रे धरून इतका ताठ उभा राहतो, की ह्यांच्यापेक्षा तोच साहेब वाटतो. हे ह्यांना लिहू नका.

एक गोष्ट मात्र सांगायची आहे, आणि तुमच्याशिवाय कुणाला सांगणार? गेल्या शुक्रवारी मी महादूच्या कोटाला टाचण्या लावत होते. विजयकुमार ह्यांना म्हणाले, की सिनेमा लवकर उरका, एप्रिलनंतर वहिनी कुठे इथे असणार? हे म्हणाले, हो हो, तिकिटांचंही बोललोय. वन्सं, माझ्या तोंडात टाचण्या होत्या, म्हणून बोलता आलं नाही. घरी येताना वाटलं, आता सांगतील. ह्यांनी झुंबराच्या लायटिंगबद्दल सांगितलं.

ते घर मला परकं नाही. तिथे यायला मी का कू केलं असतं असंही नाही. पण पुन्हा महिन्यातून दोन पत्रांचा नवरा? नऊ वर्षं केलं. आता करवत नाही, आणि करायचं तर निदान कुणी विचारावं.

जास्त काय लिहू? लोभ आहेच, तो असाच कान देऊन ऐकत राहो.

तुमची,
अनुराधा


॥ श्री ॥

करामा, दुबई
१४ डिसेंबर १९९६

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

काल क्लायमॅक्स शूट झाला! अजून अंगावर काटा आहे.

परिस्थिती सांगतो. बंगल्यात पाहुणे येणार, पुढे रमजान, म्हणून विजयकुमारांनी कालचा शेवटचा दिवस दिलेला. प्रश्नांचा सीन आणि शेवट, दोन्ही उरकायचं होतं. तुझ्या शेवटात मी किंचित सुधारणा सुचवली होती, की मार्जरी अखेर साहेबांचे पाय धरते. पब्लिकला ते आवडतं. रागावू नकोस, कारण ते झालंच नाही.

सीन सुरू झाला. मी टोपी, कोट, पदकं. अनुराधानं 'साहेब, आपण कोण?' बरं म्हटलं. पण पुढे ती वाक्यं साफ विसरली, आणि काहीतरी भलतंच घरगुती बोलायला लागली. नवीन नटाचं असं होतं. मी तिला सांभाळून घेतलं. म्हणजे काय केलं, तर काहीही केलं नाही! नुसता उभा राहिलो. एक शब्द नाही. बराच वेळ. कट म्हणणारा दिग्दर्शक मीच कॅमेऱ्यासमोर, त्यामुळे संग्रामनं शूटिंग चालूच ठेवलं. संपल्यावर तो म्हणाला, सर, तुमची ती शांतता म्हणजे नॅशनल लेव्हल. महादूच्या डोळ्यांत पाणी होतं. पुढे अनुराधाचं डोकं दुखायला लागलं, शेवट घेताच आला नाही, आणि बंगला सोडावा लागला. पिक्चर त्या शांततेवरच संपवणार आहोत. मॉडर्न वाटेल.

एप्रिलचं अजून तिच्याशी बोलणं झालेलं नाही. तिचा मूड बघून बोलेन.

पाठीवर तुझी थाप हवी, हे मागतो,
चंद्रहास


॥ श्री ॥

करामा, दुबई
१४ डिसेंबर १९९६

ती. वन्संना,
अनुराधाचा शि. सा. नमस्कार.

माझ्या हातून तुमच्या नाटकाचा खून झाला आहे. आधी माफ करा, मग वाचा.

तुमचे तीन प्रश्न मला झोपेतही येतात. घोड्याचं नाव काय, दिवाणखान्याच्या पडद्याचा रंग कुठला, जिन्याची कुठली पायरी कुरकुरते. मी तेच विचारायला उभी राहिले होते, देवाशपथ. पण हे समोर आले, पदकं लावून, जरा हसत, आणि दिग्दर्शक म्हणून मला हळूच म्हणाले, की शेवटी पाय धरताना उजवीकडून वाक, कॅमेरा तिकडे आहे. मी तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर आलं.

मी विचारलं, आपल्या लेकीला चष्मा कितवीत लागला? दारातला फणस कुणी तोडला, आणि का? मला कुठल्या कानानं ऐकू येत नाही? आणि मामंजी अंथरुणाला खिळले होते, तेव्हा शेवटी शेवटी मला काय म्हणून हाक मारत होते?

आवाज चढवला नाही, वन्सं. लेडीसाहेबांच्या आवाजातच विचारलं, तोच पंखा हातात धरून. ह्यांना आधी वाटलं, मी चुकले. मग कळलं, की चुकले नाही. टोपीखालून घामाचा ओघळ आला. मिशी एका बाजूनं सुटली. एकाही प्रश्नाचं उत्तर आलं नाही. तुमच्या सर हंफ्रीनं निदान चुकीची तरी दिली असती. महादूच्या ट्रेवरचा बर्फ वितळून गेला, तरी कुणी हललं नाही.

गाडीत मला म्हणाले, की तू वाक्यं विसरलीस, पण घाबरू नकोस, मी सावरलं. पुढेही काहीतरी बोलत होते. मी ह्यांच्या उजव्या हाताला बसते, म्हणजे माझा डावा कान ह्यांच्याकडे. तो सत्त्याऐंशीत तापात गेला, तुम्हीच मला मिरजेला दाखवायला नेलं होतंत. ह्यांना कळवलं नव्हतं. ह्यांचंच पत्र होतं, की काळजीचं काही लिहू नका, इथे काम सुचत नाही. इथे आल्यावर मी सांगणार होते. पण पाच वर्षं झाली, मी लक्ष देत नाही असं हे म्हणत गेले, आणि मग सांगायची इच्छाच गेली.

डोकं खरंच दुखत होतं. पाय धरायचा सीन मात्र डोकं दुखलं नसतं तरी केला नसता.

रागावलात तरी पत्र पाठवा. ओढ कमी करू नका.

तुमची,
अनुराधा


॥ श्री ॥

सावंतवाडी
२ जानेवारी १९९७

चि. चंद्रहास यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू लिहितोस, की अनुराधा वाक्यं विसरली. ज्या बाईनं तुम्हा सगळ्यांची वाक्यं महिनाभर मागून पुरवली, ती नेमकी आपली विसरली? तुला स्वतःला हे पटलं असेल तर तुझा अभिनय कॅमेऱ्यापुरता नाही, हे मान्य करते.

तुझी शांतता चांगली झालीच असणार. मी पस्तीस वर्षं तोंडी परीक्षा घेतल्या. उत्तर येत नसलं, की भल्याभल्यांचे चेहरे विचारवंतासारखे दिसतात.

तिनं काय विचारलं, ते मला समजलं आहे. चारही उत्तरं मला ठाऊक आहेत. बाबांच्या शेवटच्या आठवड्यात मी रजा काढून तिथे होते, तू बाराव्याला पोचलास. पण उत्तरं मी तुला देणार नाही. कॉपी मी कधीच पुरवली नाही, सख्ख्या भावालाही नाही. बाई तुझ्याच घरात आहे. विचार.

माझं नाटक तिनं मोडलं, याचा मला राग आलेला नाही. मोडायला हवं तिथेच मोडलं. करामात राहून करामत केली म्हणायची.

थंडी बरी आहे. गुडघा बोलतो आहे, तुझ्यापेक्षा जास्त.

शुभ चिंतणारी आणि वाट बघणारी,
ताई


॥ श्री ॥

करामा, दुबई
२२ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस,
कृ. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर केला. काय लिहावं सुचत नव्हतं. आता क्रमानं लिहितो.

मंडळाचा शो शाळेच्या हॉलमध्ये झाला. लोक हसले, टाळ्या वाजल्या. शेवटच्या सीनला मात्र सगळे गप्प झाले, आणि नंतर माणसं येऊन मला मिठ्या मारत होती. म्हणाले, इतकी वर्षं तुम्ही नाटकांत बोलत होतात, हीच चूक होत होती. मी खूश होतो, खोटं कशाला बोलू?

मग ईद आली. विजयकुमारांनी सांगितलं, की सोनापूरला आपल्या कॅम्पातल्या पोरांना दाखवा, महादूनं काम केलंय, त्यांना आनंद होईल. मी दुपारी टीव्ही आणि व्हीसीआर घेऊन गेलो. जेवणाच्या हॉलमध्ये माणसं दाटीवाटीनं बसली होती, बरीचशी आपल्याच बाजूची. माझी टोपी दिसली, की हसायचे. महादू ट्रे घेऊन आला, की शिट्ट्या. मला वाटलं, हिट!

तो सीन आला आणि सगळं थांबलं. शाळेच्या हॉलमध्येही लोक गप्प झाले होते, पण ही शांतता तशी नव्हती. एक जण उठून बाहेर गेला. सिनेमा संपला, तर कुणी टाळी वाजवली नाही. एक जण म्हणाला, मागे घ्या. मी मागे घेतला. पुन्हा बघितला. मग महादू चहा घेऊन आला आणि मला विचारलं, की साहेब, उत्तरं काय होती?

मी म्हटलं, अरे, ते नाटक आहे. तो म्हणाला, ते खरं, पण तुम्हाला तर ठाऊक असतील. सगळे माझ्याकडे बघत होते, ताई. चेष्टा नव्हती. त्यांना खरंच ऐकायचं होतं. मी चहा पीत राहिलो. तेवढ्यात महादूच म्हणाला, की माझा पोरगा चौथीत की पाचवीत, ते मला आज नक्की सांगता येत नाही. दुसरा म्हणाला, माझ्या आईचे दात काढले का राहिलेत, माहीत नाही. मग एकेक जण बोलायला लागला. कोणालाच काही नीट ठाऊक नव्हतं. मी टीव्हीची वायर गुंडाळत उभा राहिलो. संग्राम नसल्यामुळे ही शांतता कुणी शूट केली नाही.

परत येताना मी ठरवलं, की अनुराधाला एप्रिलमध्ये पाठवायचं नाही. कालच्या शुक्रवारी मंडळानं आमचा सत्कार ठेवला होता. मी माइकवर जाहीर करून टाकलं, की माझी पत्नी आता कुठेही जाणार नाही, ती इथेच माझ्याजवळ राहणार. टाळ्या थांबेनात. मी तिच्याकडे पाहिलं. पहिल्या रांगेत बसली होती. नाटकात बघते त्यापेक्षाही कडक नजरेनं बघत होती.

कालपासून बोलत नाही. हो आणि नाही, एवढंच. ताई, पाठवतो म्हटलं तर राग, ठेवून घेतो म्हटलं तरी राग! नवऱ्यानं करायचं काय? तूच तिला समजाव.

गोंधळलेला, पण तुझाच,
चंद्रहास


॥ श्री ॥

करामा, दुबई
१६ मार्च १९९७

ती. वन्संना,
अनुराधाचा शि. सा. नमस्कार.

तुमचं कार्ड मिळालं. ह्यांना तुम्ही जे एका ओळीचं पत्र पाठवलंत, तेही ह्यांनी मला दाखवलं. 'गाढवा, परत एकदा न विचारता ठरवलंस,' एवढीच ओळ, खाली आशीर्वाद. ते ह्यांनी वाचलं, घडी घातली आणि पुन्हा उघडून वाचलं.

मला त्या दिवशी माइकवरून माझं भविष्य कळलं. पहिल्यांदा टाचण्या तोंडात असताना कळलं होतं, दुसऱ्यांदा हार गळ्यात असताना. सगळ्या बायका मला नशीबवान म्हणत होत्या. मला इथे राहावं लागणार म्हणून नाही रागावले. मला राहायचंच होतं. पण ते माझं मला म्हणू तर द्यायचं!

परवा शुक्रवारी सकाळी मी तांदूळ निवडत होते. हे समोर येऊन बसले. पेपर नाही, टीव्ही नाही. म्हणाले, की मला चष्म्याचं सांग. मी सांगितलं, तिसरीत, फळ्यावरचं दिसत नव्हतं आणि मास्तर मारत होते. मग फणसाचं विचारलं. मी सांगितलं, मीच तोडवला, शेजाऱ्यांच्या कौलांवर फांदी पडली, भांडण कोर्टात जायची वेळ आली होती. ह्यांनी लहानपणी त्याच्यावर झोपाळा बांधला होता, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं. मग उठले, माझ्या दोन्ही बाजूंना बघितलं आणि न विचारताच उजवीकडे येऊन बसले. स्वतःशी हिशोब केला असावा. मी म्हटलं, बरोबर.

मी तांदूळ निवडत राहिले. शेवटी म्हणाले, बाबांचं.

वन्सं, मला वाटलं होतं, मी ते फार कडकपणे सांगेन. इतकी वर्षं जपून ठेवलं होतं. पण आवाज साधाच निघाला. मी सांगितलं, की मामंजी शेवटी मला चंदू म्हणायचे. चंदू, पाणी दे. चंदू, दार लोटून घे. आधी मी त्यांना सांगत होते, मी अनुराधा. मग सांगणं सोडून दिलं. ते हाक मारायचे आणि मी ओ द्यायचे.

हे रडले नाहीत. तुमचा भाऊ रडला असता तर मलाच कसंतरी झालं असतं. माझ्या ताटातले तांदूळ पुढ्यात ओढून घेतले आणि निवडायला लागले. खडे ठेवून तांदूळ टाकत होते, पण मी काही बोलले नाही. जरा वेळानं विचारलं, की तुला काय करायचंय?

तेव्हा मी सांगितलं. संजनाची अकरावी-बारावी इथेच करायची, शाळेत वर्ग आहेत, चौकशी मीच केली आहे. आणि मला हाफिजाच्या दुकानात काम करायचंय. ती खरंच दुकानाची दुसरी बाजू घेते आहे. हे पटकन म्हणाले, त्याला काय, सोमवारपासून जा. मग स्वतःच थबकले आणि म्हणाले, कधीपासून जाणार? मी म्हटलं, सोमवारपासून.

पण दुबई ती दुबई! मी ह्यांच्या व्हिसावर आहे, म्हणून मला काम करायचं तर नवऱ्याचं एनओसी लागतं. काल करामाच्या टायपिंग सेंटरमध्ये गेलो. टायपिस्टनं अरबीत टाइप केलं, की सदर बाईंनी काम करण्यास माझी हरकत नाही, आणि ह्यांना सही करायला सांगितलं. ह्यांनी पेन हातात घेतलं आणि मला विचारलं, की तुझी काही हरकत नाही ना? टायपिस्ट हसायला लागला. म्हणाला, हबीबी, हे उलटं चाललंय.

संजनाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'फायनली.' तिचा अभिप्राय एवढाच असतो. महादूला विजयकुमारांनी रजा दिली. तो गेल्या आठवड्यात गावी गेला, पोरगा पाचवीत आहे, असा त्याचा निरोप आला. मंडळात पुढच्या सिनेमाची बोलणी सुरू आहेत. ह्यांनी दिग्दर्शन करायला हो म्हटलं आहे, भूमिकेचं विचार करून सांगतो म्हणालेत.

रोज काहीतरी विचारतात आता. नको त्या वेळी, कुकरची शिट्टी होत असताना. काही मी सांगते, काही उद्यावर ढकलते. ह्यांनी अजून सगळं विचारलेलं नाही आणि मीही सगळं सांगितलेलं नाही. घाई कुणालाच नाही, व्हिसा तीन वर्षांचा आहे.

गुडघ्याला शेक देत जा. आमच्यावर जीव आहेच, तो कागदावरही येत राहू दे.

तुमची,
अनुराधा